फ्रीडेनराइशचे गोल कोणी मोजले?

२९ मे १९१९, गुरुवार. या एका दिवसाचे ब्राझीलमध्ये दोन तऱ्हांचे पुरावे मागे राहिले. ईशान्येकडच्या सियारा राज्यात, सोब्राल या गावी, त्या सकाळी खग्रास सूर्यग्रहण झाले. ग्रिनिचहून आलेल्या खगोलशास्त्रज्ञांनी झाकलेल्या सूर्याभोवतीच्या ताऱ्यांची छायाचित्रे काचेच्या तबकड्यांवर घेतली आणि त्यांवरच्या मोजमापांनी आइन्स्टाइनच्या सिद्धांताला बळ मिळाले. साठ वर्षांनी, १९७९ मध्ये, त्याच तबकड्या पुन्हा मोजल्या गेल्या. ज्याला शंका होती त्याला मूळ साधन हाताशी होते.

त्याच दिवशी रिओ द जानेरोच्या लारांजेइरास भागात फ्लुमिनेन्से क्लबच्या नव्या मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात फुटबॉलचा सामना झाला. त्या सामन्याचा नायक आर्तुर फ्रीडेनराइश. जगातला सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून त्याचे नाव पुढे पुस्तकांतून फिरले. त्याच्या गोलांचे मूळ साधन मात्र कोणाच्याही हाताशी नाही. ते कसे नाहीसे झाले आणि त्याच्यावाचून या माणसाबद्दल आपण काय खात्रीने सांगू शकतो, हे पाहायचे आहे.

आधी जे पक्के आहे ते. १९१९ ची दक्षिण अमेरिकी अजिंक्यपद स्पर्धा खरे तर १९१८ मध्येच व्हायची होती. इन्फ्लुएंझाच्या साथीने ती वर्षभर लांबली. ११ मे रोजी ब्राझीलने चिलीला ६-० असे हरवले. त्यात फ्रीडेनराइशचे तीन गोल होते. पुढे अर्जेंटिनावर ३-१ असा विजय मिळाला. २६ मे रोजी उरुग्वेशी २-२ अशी बरोबरी झाली आणि दोन्ही संघांचे गुण समान झाले. म्हणून २९ तारखेला निर्णायक सामना ठेवला गेला. नव्वद मिनिटांत गोल झाला नाही. अर्ध्या तासाच्या जादा वेळेतही झाला नाही. मग आणखी अर्धा तास खेळायचे ठरले आणि १२२ व्या मिनिटाला फ्रीडेनराइशने गोल केला. सामना १-० असा संपला तेव्हा खेळाडू दीडशे मिनिटे मैदानावर होते. ब्राझीलचे हे पहिले मोठे विजेतेपद. त्या स्पर्धेत फ्रीडेनराइश आणि त्याचा साथीदार नेको या दोघांचे प्रत्येकी चार गोल झाले.

गोल कसा झाला, याचा क्रम बहुतेक वर्णनांत सारखाच येतो. नेकोने बगलेतून चेंडू पुढे आणला, हेइतोरने फटका मारला, उरुग्वेचा गोलरक्षक सापोरिती याने तो परतवला आणि परत आलेला चेंडू फ्रीडेनराइशने जाळ्यात मारला. थकव्याने पाय जड झालेल्या बचावफळीसमोर परतलेल्या चेंडूवर सर्वांत आधी पोहोचणे, हा आघाडीच्या खेळाडूचा खास गुण. हे वर्णन मला त्यामुळेच विश्वसनीय वाटते. यात चमत्कार नाही. उरुग्वेच्या लोकांनी त्याला ‘वाघ’ हे नाव दिले ते याच स्पर्धेनंतर, अशी परंपरा आहे.

त्या दिवसाभोवती आणखी काही गोष्टी जमल्या आहेत, आणि सगळ्यांचे वजन सारखे नाही. सामन्यासाठी सरकारी कचेऱ्या आणि बाजारपेठ बंद राहिली, असे नेहमी सांगितले जाते. १९१९ साली ईस्टर २० एप्रिलला होता; त्यापासूनचे दिवस मोजले तर २९ मे हा येशूच्या स्वर्गारोहणाचा सण येतो. कॅथलिक देशात त्या गुरुवारी तसेही वातावरण सणाचेच असणार. सण आणि सामना ही दोन्ही कारणे एकत्र आली असावीत, असा माझा कयास आहे; सारे श्रेय फुटबॉलला देताना दिनदर्शिका उघडून पाहायला हवी. त्याचे बूट रिओतल्या एका जवाहिऱ्याच्या काचेच्या कपाटात मांडून ठेवले होते, ही गोष्ट इतक्या लेखकांनी एकमेकांकडून उचलली आहे की तिचा पहिला सांगणारा कोण, हे वेगळे काढणे अवघड आहे. ती खोटी म्हणावी असे काही नाही, पण तिला आधार म्हणून वापरता येत नाही. पिशिंगिन्या या थोर संगीतकाराची ‘एक-शून्य’ ही रचना याच गोलाच्या आनंदात झाली, असे मानतात. तिचे ध्वनिमुद्रण झाले १९४६ मध्ये. विजयाच्या ताज्या क्षणी ती सुचली असेलही. हातात असलेला पुरावा सत्तावीस वर्षे नंतरचा आहे, एवढे लक्षात ठेवायचे.

एक गोष्ट मात्र तारखेसह पक्की आहे आणि ती या आनंदकथेत फारशी कोणी सांगत नाही. उरुग्वेचा राखीव गोलरक्षक रोबेर्तो चेरी याला चिलीविरुद्धच्या सामन्यात दुखापत झाली होती. निर्णायक सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, ३० मे रोजी, तो रिओतच वारला. १ जूनला त्याच मैदानावर ब्राझील आणि अर्जेंटिना त्याच्या स्मरणार्थ खेळले. अर्जेंटिनाने उरुग्वेचा आकाशी सदरा घातला, तर ब्राझीलने चेरीच्या पेन्यारोल क्लबचा पिवळा-काळा. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला.

आता त्याच्या जन्माकडे वळू. तारीख १८ जुलै १८९२. ठिकाण साओ पाउलो शहराचा लुझ भाग, व्हितोरिया आणि त्रिउंफो या रस्त्यांचा कोपरा. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने संपली १३ मे १८८८ रोजी, म्हणजे अवघ्या चार वर्षांपूर्वी. वडील ओस्कार जर्मन वंशाचे, ब्लुमेनाउच्या वसाहतीतून आलेल्या घराण्यातले. आई मातिल्दे कृष्णवर्णीय ब्राझिलियन. आईबद्दल साधने एकदम पातळ होतात. काही लेखक तिला धोबीण म्हणतात, काही शिक्षिका. हा फरक लहान नाही. गुलामगिरी संपल्यावर पहिल्या दशकात कृष्णवर्णीय स्त्री शाळेत शिकवत होती की दुसऱ्यांचे कपडे धूत होती, यावर त्या घराचे सारे चित्र बदलते. धोबिणीचा मुलगा सम्राट झाला, ही कथा सांगायला गोड आहे, आणि म्हणूनच मी तिच्याकडे जरा सावधपणे पाहतो. वडिलांच्या वंशावळीला नावे आणि सनावळी आहेत; आईला दोन परस्परविरोधी व्यवसाय आहेत. नोंदी कोणाच्या ठेवल्या जात आणि कोणाच्या नाही, हे या एका जोडप्यावरून कळते.

वडिलांच्या नावाने एक दार उघडले, हे मात्र स्पष्ट दिसते. १९०९ मध्ये तो पहिल्यांदा खेळला तो जेर्मानिया या जर्मनांच्या क्लबकडून. त्या काळी साओ पाउलोत फुटबॉल हा क्लबांच्या सभासदांचा खेळ होता, आणि सभासद म्हणजे गोऱ्या, सुखवस्तू घरांतली मुले. मिश्रवर्णी मुलगा तिथे पोहोचला तो आडनावाच्या बळावर, असे अनुमान काढायला हरकत नाही. त्यानंतर इपिरांगा, मॅकेंझी आणि १९१७ पासून बारा वर्षे पाउलिस्तानो. साओ पाउलोच्या राज्य स्पर्धेत तो १९१२ मध्ये पहिल्यांदा सर्वाधिक गोल करणारा ठरला आणि १९२९ मध्ये शेवटचा. एकूण नऊ वेळा. त्यातले १९२१ चे वर्ष सर्वांत भरघोस: ३३ गोल.

त्याच १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये ब्युनोस आयर्सला दक्षिण अमेरिकी स्पर्धा झाली आणि ब्राझीलच्या संघात फ्रीडेनराइश नव्हता.

का नव्हता? लोकप्रिय उत्तर असे: राष्ट्राध्यक्ष एपितासियो पेसोआ यांनी संघात कृष्णवर्णीय खेळाडू न्यायचे नाहीत असा हुकूमच काढला. ‘हुकूम’ म्हटला की अभ्यासकाने कागद मागायचा. तसा सही-शिक्क्याचा कागद कोणी पुढे ठेवलेला नाही. पण म्हणून गोष्ट निराधार ठरत नाही, कारण इथे आपल्याजवळ समकालीन साक्षीदार आहे. लिमा बारेतो हे रिओचे कादंबरीकार आणि स्तंभलेखक, स्वतः कृष्णवर्णीय. १ ऑक्टोबर १९२१ च्या ‘कारेता’ साप्ताहिकात त्यांनी एक जळजळीत लेख लिहिला. फुटबॉलच्या धुरिणांची गुप्त बैठक झाली, अंगात कृष्णवर्णीय रक्त असलेले खेळाडू ब्युनोस आयर्सला न्यावेत का यावर तिथे खल झाला आणि प्रकरण राष्ट्राध्यक्षांपर्यंत गेले, असे वृत्तपत्रातल्या बातमीच्या आधारे त्यांनी नोंदवले. लेखावरची तारीख स्पर्धा सुरू होण्याच्या आदल्या दिवशीची आहे. म्हणजे ही नंतर रचलेली आठवण नव्हे. राष्ट्राध्यक्षांनी नेमके कोणते शब्द वापरले, हे अंधारात राहते. असा विचार उघडपणे झाला, हे प्रकाशात येते.

आधीच्या वर्षीची घटनाही जोडून पाहायला हवी. ऑक्टोबर १९२० मध्ये ब्राझीलचा संघ चिलीतल्या स्पर्धेहून परतताना ब्युनोस आयर्सला थांबला. तिथल्या ‘क्रितिका’ या वृत्तपत्राने ब्राझीलच्या खेळाडूंना माकडे म्हणणारा मजकूर व्यंगचित्रासह छापला. संतापलेल्या काही खेळाडूंनी सामना खेळायला नकार दिला. राजधानीतल्या सत्ताधाऱ्यांना पुढल्या वर्षी कसली धास्ती होती, ते यावरून कळते. अपमान करणाऱ्याला जाब विचारण्याऐवजी ज्यांचा अपमान झाला त्यांनाच घरी ठेवायचे, असा तो विचार होता.

दुसरे कारणही विसरून चालणार नाही. रिओ आणि साओ पाउलो यांच्या फुटबॉल संघटनांत त्या काळी सतत भांडण असे आणि साओ पाउलोचे खेळाडू राष्ट्रीय संघात नसणे ही नवलाची गोष्ट नव्हती. फ्रीडेनराइश पाउलिस्तानोचा, म्हणजे साओ पाउलोचा. तेव्हा त्याच्या अनुपस्थितीचे दोन अर्थ लागतात, आणि एका साधनावरून त्यातला एक निवडता येत नाही. मी एवढेच करतो की ब्युनोस आयर्सच्या त्याच्या फेऱ्या एका ओळीत मांडतो. १९१४ मध्ये रोका चषकासाठी तो तिथे खेळला. १९१६ मध्ये खेळला. १९२० मध्ये नाही, १९२१ मध्ये नाही. १९२५ मध्ये पुन्हा खेळला, आणि त्या वर्षी नाताळच्या दिवशी अर्जेंटिनाविरुद्धच्या २-२ अशा बरोबरीत एक गोलही केला. तो सामना खेळाडूंच्या हाणामारीने आणि मैदानात घुसलेल्या प्रेक्षकांमुळे गाजला. सरसकट, कायमची बंदी असती तर ही ओळ अशी दिसली नसती. वर्णाच्या प्रश्नावर दार कधी उघडे, कधी बंद, आणि ते बंद करायला संघटनांचे भांडण हे सोयीचे निमित्त, असे काहीसे घडले असावे. हे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच घ्यावे.

फ्रीडेनराइश स्वतः या सगळ्याकडे कसे पाहत होता? इथे आपण मारियो फिल्यो यांच्या ‘ब्राझीलच्या फुटबॉलमधला कृष्णवर्णीय’ या १९४७ च्या गाजलेल्या ग्रंथापाशी येतो. सामन्यापूर्वी फ्रीडेनराइश कपडे बदलण्याच्या खोलीत सर्वांच्या मागे राही, केसांना तेल-मलम चोपडी, वरून गरम टॉवेल गुंडाळी, कुरळे केस सरळ होऊन डोक्याला चिकटले की मगच मैदानात येई. संघ, पंच, प्रेक्षक त्याच्यासाठी खोळंबत, असे तिथे चित्र आहे. मराठी वाचकाला बखर माहीत आहे. घटनेनंतर काही दशकांनी, ऐकीव माहितीवर, पण माणसांची नाडी ओळखून लिहिलेली. मारियो फिल्यो यांचा ग्रंथ या विषयाची बखर आहे. ज्या सामन्यांचे ते वर्णन करतात त्यांच्या वेळी ते शाळकरी पोर होते. तेव्हा त्या खोलीतला टॉवेल त्यांनी पाहिलेला नाही, कोणाकडून तरी ऐकलेला आहे. पण बखरीला पडताळणारे साधन उपलब्ध असले की ती कामाला येते. इथे ते साधन म्हणजे छायाचित्रे. उरलेल्या छायाचित्रांत त्याचे केस काटेकोर मागे वळवून चापून बसवलेले दिसतात. त्यामागे किती वेळ गेला आणि मनात काय होते, ते छायाचित्र सांगत नाही. केसांपुरती बखर खरी ठरते. मनापुरती ती लेखकाची राहते.

साधनांची अशी चणचण सोसत आलेल्या अभ्यासकाला १९२५ साल आले की हायसे वाटते. अंतोनियो प्रादो ज्युनियर यांच्या नेतृत्वाखाली पाउलिस्तानोचा संघ बोटीने युरोपला निघाला. ब्राझीलच्या संघाचा हा पहिला युरोप दौरा. आता साक्षीदार दोन खंडांत, अनेक भाषांत आहेत आणि एकमेकांचे मिंधे नाहीत. १५ मार्चला पॅरिसजवळ फ्रान्सच्या निवडक संघाचा ७-२ असा पराभव झाला आणि फ्रेंच पत्रांनी पाहुण्यांना ‘फुटबॉलचे राजे’ म्हटले. त्यानंतर स्ताद फ्रान्से, बोर्दो, ल हाव्हर, स्ट्रासबर्ग, रुआं, स्वित्झर्लंडमध्ये बर्न आणि झुरिक, शेवटी लिस्बन. दहा सामने, नऊ विजय. एकमेव पराभव सेत या भूमध्य किनाऱ्यावरच्या गावात, ०-१ असा. केलेले गोल ३०, स्वीकारलेले ८. त्या ३० पैकी ११ फ्रीडेनराइशचे.

इथेही एक तळटीप मनात ठेवायला हवी. फ्रान्सवरचा तो विजय ब्राझीलमध्ये राष्ट्रीय संघावरचा विजय म्हणून साजरा झाला. फ्रान्सच्या अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या यादीत तो नाही. एकाच सामन्याला दोन देशांच्या दप्तरांत दोन दर्जे. तेव्हा ‘अधिकृत’ हा शब्द वाचला की कोणाच्या दप्तरात, असे लगेच विचारावे. संघातला तरुण खेळाडू आराकेन पातुस्का याने पुढे १९४५ मध्ये या दौऱ्यावर ‘फुटबॉलचे राजे’ याच नावाचे पुस्तक लिहिले. आठवणी वीस वर्षांनी लिहिलेल्या, पण सांगणारा स्वतः मैदानात होता, आणि आकडे समकालीन पत्रांशी ताडून पाहता येतात. फ्रीडेनराइशच्या सबंध कारकिर्दीतले हे दहा सामने मला सर्वांत भक्कम जमिनीवरचे वाटतात.

आणि आता ती वही.

कथा अशी सांगतात. मुलगा खेळू लागला तेव्हापासून वडील ओस्कार त्याच्या गोलांची टिपणे छोट्या वह्यांत करीत. १९१८ मध्ये हे काम फ्रीडेनराइशने पाउलिस्तानोतला सहकारी मारियो दे आंद्रादा याच्याकडे सोपवले. (नामवंत कवी मारियो दे आंद्रादे हे वेगळे, नावांच्या सारखेपणाने गोंधळ होऊ शकतो.) या आंद्रादाने पुढची सतरा वर्षे, २१ जुलै १९३५ च्या शेवटच्या सामन्यापर्यंत, हिशोब ठेवला. १९६२ मध्ये त्याने ‘दे व्हानी’ या टोपणनावाने लिहिणारे क्रीडा पत्रकार आद्रियानो नेइव्हा यांना सांगितले की सारी कागदपत्रे आपल्याजवळ आहेत आणि बेरीज १२३९ आहे. कागद दाखवण्याआधी आंद्रादा वारला. दे व्हानी यांनी तरीही आकडा प्रसिद्ध केला, आणि छापताना दोन मधले अंक उलटसुलट झाले: १३२९.

तो आकडा जगभर गेला. तेव्हा पेलेच्या गोलांची मोजणी ब्राझीलभर चालली होती आणि त्याच्याआधी दुसऱ्या एका ब्राझिलियन खेळाडूने हजाराचा डोंगर ओलांडला होता, ही बातमी कोणाला नको होती? फ्रीडेनराइश ६ सप्टेंबर १९६९ रोजी साओ पाउलोत वारला. पेलेचा हजारावा गोल त्यानंतर अडीच महिन्यांनी, १९ नोव्हेंबरला, माराकाना मैदानावर झाला. १९९५ मध्ये उरुग्वेचे लेखक एदुआर्दो गालेआनो यांच्या फुटबॉलवरच्या प्रसिद्ध पुस्तकातही १३२९ हाच आकडा आला.

या साखळीची एकेक कडी तपासू. ओस्कारच्या वह्या: पाहणारा कोणी नाही. आंद्रादाची टिपणे: पाहणारा कोणी नाही, दे व्हानी यांनीही पाहिली नाहीत. आंद्रादाचे म्हणणे: ते ऐकणारे एकटे दे व्हानी. छापलेला आकडा: चुकलेला. म्हणजे चार कड्यांपैकी आपल्या हातात येते ती फक्त शेवटची, आणि तीच वाकडी. यात एक बारीक सापळाही आहे. १३२९ ही छपाईची चूक होती, खरा आकडा १२३९, असे कळले की वाचकाला सत्य गवसल्याचे समाधान मिळते. चूक दुरुस्त झाल्याने १२३९ ला आपोआप विश्वासार्हता येते. वास्तविक दुरुस्त आकडाही त्याच न दिसलेल्या कागदांवर उभा आहे.

पडताळणी झाली ती बऱ्याच उशिरा. १९९४ मध्ये ओर्लांदो दुआर्ते आणि सेव्हेरिनो फिल्यो यांनी ‘फ्रीड विरुद्ध पेले’ या पुस्तकात सामन्यागणिक मोजणी मांडली: ५६२ सामने, ५५८ गोल. १९९९ मध्ये अलेशांद्रे दा कोस्ता यांनी ‘फुटबॉलचा वाघ’ या चरित्रात पुन्हा पहिल्यापासून मोजले. ‘कोरेयो पाउलिस्तानो’ आणि ‘ओ एस्तादो दे साओ पाउलो’ या दैनिकांतल्या सामन्यांच्या बातम्या हे त्यांचे मुख्य साधन. निष्कर्ष: ५६१ सामने, ५५४ गोल. पाच वर्षांच्या अंतराने झालेल्या दोन मोजण्यांत एका सामन्याचा आणि चार गोलांचा फरक पडतो. इतकी जवळीक पाहून मन सुखावते. मात्र दोघांना विहीर एकच होती, जुन्या वृत्तपत्रांची. तेव्हा दोन साक्षींना पूर्ण दोन म्हणता येणार नाही. एकाने दुसऱ्याचे काम नीट तपासले, असे म्हणू.

वृत्तपत्रांची उणीव उघड आहे. गावोगावच्या मैत्रीच्या लढती, उत्सवानिमित्तचे सामने, दुपारच्या आधीचे दुय्यम संघांचे खेळ यांची बातमी येईच असे नाही. आली तरी गोल कोणी केले ते छापले जाईच असे नाही. म्हणून ५५४ हा तळ मानावा, छत नव्हे. पण छत किती उंच असू शकते? १२३९ मधून ५५४ वजा केले तर ६८५ गोल उरतात. नोंदलेल्या सामन्यांत त्याची सरासरी सामन्याला जवळजवळ एक गोल अशी आहे. तोच वेग धरला तर सहाशे ऐंशीहून अधिक सामने शहरातल्या दैनिकांच्या नजरेतून निसटलेले असायला हवेत. १९०९ ते १९३५ या सव्वीस वर्षांत, सरासरी दर पंधरवड्याला एक. आणि तेही नोंदलेल्या साडेपाचशे सामन्यांच्या वर. रविवारी आणि सुटीच्या दिवशी खेळल्या जाणाऱ्या हौशी फुटबॉलमध्ये, शहरातला सर्वांत प्रसिद्ध खेळाडू इतक्या वेळा खेळला आणि वार्ताहरांना पत्ता लागला नाही, हे माझ्या गळी उतरत नाही. काही डझन निसटले असतील. शंभर निसटले म्हटले तरी मी मान डोलावीन. सहाशे ऐंशी नाही.

ओस्कार आणि आंद्रादा खोटे बोलले, असा याचा अर्थ नाही. बापाने टिपताना सरावातले, दुय्यम संघातले, पोरवयातले गोलही धरले असतील. प्रत्येकाची मोजपट्टी वेगळी. पेलेच्या हजारांतही मैत्रीच्या आणि प्रदर्शनीय सामन्यांचे गोल मोठ्या संख्येने आहेत. फरक असा की त्याच्या सामन्यांच्या याद्या आपण वाचू शकतो.

शिवाय मोठेपणासाठी त्याला त्या आकड्याची गरजही नव्हती. बारीक अंगाचा हौशी खेळाडू, जड चामडी चेंडू, आडदांड बचाव, आणि पाव शतकभर जवळजवळ सामन्यामागे गोल. २१ जुलै १९१४ रोजी ब्राझीलच्या पहिल्यावहिल्या सामन्यात, इंग्लंडच्या एक्झेटर सिटीविरुद्ध, त्याचे दोन दात पडले आणि तो खेळत राहिला, असे सांगतात. २-० असा विजय तर नोंदलेलाच आहे. १९३० च्या पहिल्या विश्वचषकाला तो मुकला, ते पुन्हा रिओ आणि साओ पाउलोच्या संघटनांच्या भांडणापायी: साओ पाउलोने आपले खेळाडू दिलेच नाहीत. १९३२ मध्ये साओ पाउलो राज्य केंद्र सरकारविरुद्ध उठले तेव्हा तो त्यात लढला. १२ मार्च १९३३ ला सान्तोस येथे ब्राझीलमधला पहिला व्यावसायिक सामना झाला. साओ पाउलो संघाने सान्तोसला ५-१ असे हरवले आणि व्यावसायिक युगातला पहिला गोल केला तो चाळीस वर्षांच्या फ्रीडेनराइशने. ज्या पाउलिस्तानोने पैशाचा फुटबॉल नको म्हणून १९२९ मध्ये खेळच बंद केला होता, त्याच क्लबमध्ये त्याची जवानी गेली होती. फ्लामेंगोच्या सदऱ्यात तो शेवटचा खेळला २१ जुलै १९३५ रोजी, एक्झेटर सिटीच्या सामन्याला बरोबर एकवीस वर्षे झाली त्या दिवशी, वयाची त्रेचाळिशी पूर्ण करून तीन दिवसांनी.

आंद्रादाचे कागद कुठल्या तरी पेटीत अजून असतील का? असतीलही. उद्या ते मिळाले तर बेरजेचे पान आधी उघडण्यात अर्थ नाही. आधी मार्च आणि एप्रिल १९२५ ची पाने काढायची. पॅरिस ते लिस्बन हे दहा सामने तिथे तारखांसह आहेत का, सेतच्या सामन्यासमोर शून्य आहे का, आणि त्या दोन महिन्यांत फ्रीडेनराइशच्या नावावर बरोबर अकरा गोल मांडले आहेत का, हे पाहायचे. अकराचे पंधरा झालेले दिसले तर वही कशी भरली गेली ते कळेल. अकराच निघाले, तर मग १९१८ पासून एकेक रविवार घेऊन ती वही ‘कोरेयो पाउलिस्तानो’च्या शेजारी ठेवायची.